आज कंट्रोल बाद

आमच्या लॅबमधल्या फ्रिजच्या दाराला एक पुठ्ठा सुतळीने लटकवलेला आहे. ग्लोव्हजच्या खोक्याचा कापलेला, कडा हाताळून हाताळून मऊ पडलेल्या. त्यावर निळ्या मार्करने लिहिलंय, ‘आज कंट्रोल बाद. सर्दी. व. घाडी.’ नवीन मुली कामाला लागल्या की आठवड्याभरात कुणीतरी विचारतेच, “मॅडम, हे काढू का?” मी म्हणते, हात लावून तर बघ. मग त्या आपापसांत म्हणतात, बाई खडूस आहे. आहेच मी खडूस. पण त्या पुठ्ठ्याच्या बाबतीत जरा जास्तच आहे.

व. घाडी म्हणजे वसंत घाडी, आमचे घाडीकाका. परळच्या ज्या हॉस्पिटलात मी गेली सतरा वर्षं काम करते, तिथल्या रक्ताच्या लॅबमधले सीनियर टेक्निशियन. लालबागच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत, गाव कणकवलीच्या पुढे. मी चोवीस वर्षांची, गिरगावातून आलेली, सगळं येतं अशा थाटात पहिल्या दिवशी लॅबमध्ये शिरले तेव्हा मला आधी दिसल्या त्या त्यांच्या बाह्या. उजव्या बाहीचं बटण मनगटावर घट्ट लावलेलं आणि डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली. मला वाटलं, गडबडीत राहिली असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी विचारलंच, “काका, तुमची एक बाही रोज राहते का?”

“राहात नाही गो बये,” ते म्हणाले, “तयार असते.”

कशाला तयार, ते सांगायचं तर आधी कंट्रोल म्हणजे काय ते सांगायला हवं. काही मुलांना सारखी गळवं होतात, कान फुटतो, छाती भरते. औषध संपलं की पुन्हा पहिल्यापासून. अशा मुलांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू नीट गिळतात की नाही, हे बघायची एक जुनी, वेळखाऊ चाचणी आमच्याकडे होते. मुलाचं रक्त ट्यूबमध्ये घ्यायचं, त्यात मारून ठेवलेले जंतू मिसळायचे, ट्यूब अंगाइतक्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवायची. मग त्याचा थेंब काचेच्या स्लाइडवर पसरून रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पेशी मोजायच्या, कुणाच्या पोटात किती जंतू गेले ते. पण नुसत्या मुलाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. जंतू जुने असतील, पाणी गार झालं असेल, रंग, म्हणजे स्टेन, बिघडला असेल. म्हणून त्याच वेळी, त्याच बाटलीतले जंतू घालून, एका धडधाकट माणसाचंही रक्त लावायचं. तो माणूस म्हणजे कंट्रोल. त्याचा आकडा नेहमीसारखा आला तर चाचणी बरोबर, आणि मग मुलाचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा.

आमच्या लॅबचे कंट्रोल घाडीकाका होते. मी यायच्या आधीची कितीतरी वर्षं, आणि मी आल्यावरचीही.

पुस्तकात लिहिलंय की दर वेळी वेगळा माणूस घ्यावा. मी ते काकांना मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “रोज नवा माणूस आणलास तर तो चांगला आहे हे तुला कोण सांगणार? माझा आकडा मला पाठ आहे. चार आणि पाचच्या मध्ये. माझ्या एकेका पेशीत चार-साडेचार जंतू जाणार म्हणजे जाणार. त्याच्या खाली आला की समज, जंतूंत गडबड आहे नाहीतर स्टेनमध्ये.” मी पुस्तक मिटलं. कारण ते खरंच होतं. एकदा आकडा साडेतीनवर आला तर काकांनी वॉटर बाथमध्ये, म्हणजे ट्यूब ठेवायच्या त्या गरम पाण्याच्या पेटीत, हात घालून सांगितलं की पाणी दोन डिग्री गार आहे. थर्मामीटर घातला तर दोनच डिग्री.

रक्त काढायचीही त्यांची एक पद्धत होती. मूल आईच्या मांडीवर बसलेलं, सुई दिसली की हातपाय झाडणारं. काका त्याच्यासमोर स्टुलावर बसायचे, दुमडलेल्या बाहीचा हात टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, “पहिला माझा नंबर.” मग मी त्यांना पट्टा बांधायचा, सुई घालायची आणि त्या मुलाने ते सगळं बघायचं. काका तोंड वेडंवाकडं करायचे नाहीत, की काहीच होत नाही असंही म्हणायचे नाहीत. विचारलं तर खरं सांगायचे, “दुखता थोडा. मुंगी चावली की कसा? तसा.” मग कोपर दुमडून, कापूस दाबून, त्या मुलाला जागा करून द्यायचे. रडणं थांबायचं असं नाही, पण हात पुढे यायचा. हॉस्पिटलात मुलांशी कितीजण किती गोड बोलतात. पण आधी स्वतःला टोचून घेणारा मी तेवढा एकच माणूस पाहिला.

आयांना समजावून सांगायचं काम डॉक्टरांचं, पण डॉक्टरांना वेळ नसायचा आणि काकांना राहवायचं नाही. समोरची बाई लालबाग-शिवडीची निघाली की त्यांची मालवणी सुटायची. “गो बाय, मटणाची नळी ठोकून खातंस मां? तेच्यातलो तो मऊ भाग? आपल्या हाडातपण तसोच असता. थंयच ह्ये पेशी तयार होतत. तयार झाले की रगतात येतत, आणि जंतू दिसलो की तेका गिळतत.” बाई विचारायची, मग माझ्या पोराच्या नाही गिळत का? काका म्हणायचे, तांच बघूचा आसा.

नव्या डॉक्टरांपैकी कुणी या पेशींना सैनिक म्हटलं की काकांना चालायचं नाही. “सैनिक कसले?” ते मला मायक्रोस्कोपजवळ बोलावून म्हणायचे. “बघ जरा. हातात काय बंदूक आहे? ती बघ कशी अंग पसरून त्या जंतूला चहूबाजूंनी कवेत घेते. जेवायला बसलीय ती. आणि एकदा बसली की उठत नाही. तेवढं जेवण झालं की तिचं आयुष्य संपलं. एवढ्यासाठी हाडातून निघून आलेली असते.” मी म्हणायचे, काका, आपण मोजूया का, अकरा पेशंट आहेत. पण आता एकटी मायक्रोस्कोपवर बसले की मला तेच वाक्य ऐकू येतं, आणि ते पुन्हा सांगायला समोर कुणी नसतं. फार चुकल्यासारखं होतं.

धडधाकट राहणं हे काका नोकरीचा भाग समजायचे. चाचणीच्या दिवशी चहासुद्धा रक्त देऊन झाल्यावर. ताप आला तरी गोळी घ्यायचे नाहीत, दोन दिवस पडून राहायचे. हॉस्पिटलात सगळ्यांना लस द्यायला आले तेव्हा सगळे रांगेत आणि काका कॅलेंडरसमोर. गुरुवारी एका मुलाची चाचणी होती, ती होईपर्यंत ते दंड उघडा करेनात. “लस घेतली की पेशी चार दिवस उगाच तापलेल्या असतात,” असं त्यांचं म्हणणं. लस द्यायला आलेल्या सिस्टरने मला विचारलं, हे असेच आहेत का? मी म्हटलं, असेच. आणि साधी सर्दी झाली तरी फ्रिजवर तो पुठ्ठा लटकायचा. ‘आज कंट्रोल बाद’ हे कायमचं, मार्करने. खाली कारण पेन्सिलीने. सर्दी, पोट, दाढ. शेवटचं कारण मात्र तेही मार्करनेच लिहिलेलं आहे, कारण पेन्सिल मी हरवली होती. त्यावरून ते दिवसभर माझ्यावर धुसफुसत होते.

एकदा भर दुपारी लाइट गेली आणि जनरेटरही चालेना. वॉटर बाथ गार पडायला लागला. आत नुकत्याच ठेवलेल्या दोन ट्यूब, एक माझगावहून आलेल्या बाळाची, एक काकांची. बाळाची शीर तीन वेळा टोचून मिळाली होती, पुन्हा रक्त काढायची कुणाची छाती नव्हती. काकांनी ट्यूबची बुचं घट्ट केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, शर्टाची दोन बटणं काढली आणि पिशवी सरळ काखेत धरली. मग अर्धा तास ते कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत संथ चालत राहिले, कारण ट्यूब हलत्या राहायला हव्यात. आमच्या हेड मॅडम समोरून आल्या आणि म्हणाल्या, “घाडी, खांदा दुखतोय का?” काका म्हणाले, “नाही मॅडम, टेस्ट लावलीय.” मॅडम दोन पावलं पुढे गेल्या आणि मग परत फिरून जे काही बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका मान खाली घालून ऐकत होते, पण चालायचे थांबले नाहीत. आकडा आला चार पॉइंट तीन.

मग कधीतरी स्लाइडवरचा रंग फिका दिसायला लागला. कधीपासून ते तेव्हा सांगता आलं नसतं. या पेशींच्या पोटात बारीक दाणे असतात, स्टेनमध्ये ते गुलाबी-जांभळे उठून दिसतात. ते पुसट दिसू लागले. आकडाही खाली आला, साडेतीन, मग तीन. मी रीतीप्रमाणे सगळं केलं. स्टेनची बाटली बदलली. स्टेन कालवायचं पाणी नवीन केलं. जंतूंची नवी बॅच मागवली आणि कंपनीच्या माणसाला फोनवर असं झापलं की त्याने दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या जास्तीच्या पाठवल्या. काकाही माझ्याबरोबर स्टेनच्या बरण्या घासत होते. थोडे थकल्यासारखे वाटायचे, जिना चढताना मध्ये थांबायचे. मी म्हटलं, काका, वय झालं. ते हसले.

त्याच दिवसांत शिवडीची स्वरा आली. सहा वर्षांची, मानेवर गळवांचे व्रण, दोन वेण्या. काकांनी विचारलं, “तुजा नाव काय गो?” तिने सांगितलं आणि लगेच म्हणाली, “पहिला तुमचा नंबर ना? आईने सांगितलं मला.” वॉर्डात काकांची कीर्ती पोचली होती. दोघांचंही रक्त काढून झालं, चाचणी लागली, दोन्ही स्लाइड मी मोजल्या. स्वराचा आकडा आला दोन. काकांचा दोन पॉइंट चार.

मी काय केलं ते सांगते. मी मनात म्हटलं, हे जंतूच भिकार आहेत, दोघांचाही आकडा पडलाय, म्हणजे मुलीत आणि कंट्रोलमध्ये फरक नाही. आणि रिपोर्टच्या कागदावर लिहायला घेतलं, ‘कंट्रोलच्या तुलनेत ठीक’. स्वराची आई बाहेर बाकावर बसली होती. तो कागद घेऊन ती घरी गेली असती, आणि पुढचं गळव कुठे उठलं असतं ते देव जाणे.

काका शेजारी येऊन उभे राहिले. “थांब जरा,” म्हणाले, आणि माझ्या जागेवर बसले. आधी स्वराची स्लाइड लावली. मग स्वतःची. मग पुन्हा स्वराची. मी मागे उभी राहून घड्याळ बघत होते.

“दोन्ही स्लाइड एकाच बरणीत रंगवल्यास ना?” त्यांनी डोळा न काढता विचारलं.

“हो. एकत्रच बुडवल्या.”

“पोरीच्या पेशींत दाणे बघ. कसे छान उठलेत.”

मी वाकून पाहिलं. खरंच उठले होते.

“म्हणजे स्टेन चांगला आहे,” काका म्हणाले. “जंतूपण चांगलेच असणार. कंट्रोल गेलाय.”

मी म्हटलं, “काका, काहीतरीच काय. परत लावूया.”

“लावूयाच. तो कागद फाड आधी.” ते उठले, डावी बाही हळूच खाली सोडली आणि मनगटावर बटण लावलं. इतक्या वर्षांत ती बाही खाली आलेली मी पहिल्यांदा बघत होते. “चहा घेतलास सकाळपासून?”

“नाही अजून.”

“मग बस स्टुलावर. स्वराला आत बोलव. सांग तिला, आज पहिला नंबर तुझा, मग तिचा.”

त्या दुपारी माझ्या पेशींनी साडेचार जंतू गिळले आणि स्वराच्या पुन्हा दोनच. रिपोर्ट खरा गेला. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लावल्या, कारण सापडलं, औषध सुरू झालं. स्वरा आता मोठी झालीय, दर काही महिन्यांनी येते. मान स्वच्छ आहे. मला ती ‘दुसरा कंट्रोल’ म्हणते.

काकांच्या हाडातल्या मज्जेचा तुकडा काढला, तेव्हा कळलं की तिथेच बिघाड झालाय. पेशी तयार होत होत्या, पण अर्ध्याकच्च्या. रक्तात येत होत्या, जंतूंपर्यंत जात होत्या आणि नुसत्या शेजारी बसून राहत होत्या.

आमच्याकडे कंट्रोलच्या जुन्या स्लाइड लाकडी पेटीत तारखेप्रमाणे लावून ठेवतात. त्या आठवड्यात मी ती पेटी काढली आणि एकेक स्लाइड मागे मागे बघत गेले. सात महिने. सात महिने फिक्या होत चाललेल्या पेशी, आणि रजिस्टरमध्ये प्रत्येकीसमोर माझ्याच अक्षरात, ‘स्टेन फिका’. मी इतके दिवस पाणी बदलत होते, बाटल्या बदलत होते. इतर कुणाच्या स्लाइडवर अशा पेशी दिसल्या असत्या तर मी धावत डॉक्टरांकडे गेले असते. काकांच्या होत्या म्हणून गेले नाही. आम्ही सगळ्यांनाच त्यांच्याशी ताडून बघत होतो, त्यांना कुणाशीच ताडून पाहिलं नव्हतं. आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फारसा नाही. ‘फारसा’ या शब्दावर मी अजून अडते.

काकांजवळ मी एकदा रडले. म्हटलं, काका, माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते म्हणाले, “माझ्या नव्हतं काय? मीपण बरण्याच घासल्या ना तुझ्याबरोबर.”

शेवटी त्यांना आमच्याच हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. आत जाणाऱ्याने मास्क लावायचा, कुणी आलं की काकांनीही लावायचा, फुलं-फळं न्यायची नाहीत. त्यांच्या पत्नी, सुलभाकाकू, बाहेर बसून असायच्या. औषधाचा एक कोर्स झाला होता आणि पेशींची संख्या किंचित वाढली होती. काकांनी निरोप पाठवला, संख्या मला सांगू नका, गिळतात का ते बघा. डॉक्टरांनी चाचणी सांगितली नव्हती, काकांनीच मागितली होती. त्यांना एकदा तरी तो चार-साडेचारचा आकडा परत बघायचा होता.

मी ट्रे घेऊन गेले. रजिस्टरही नेलं होतं, का कोण जाणे. पेशंटच्या रकान्यात लिहिलं, व. घाडी. शेजारच्या रकान्यात माझं नाव. काकांनी उशीवरून मान उचलून ते पाहिलं.

“कंट्रोल आधी,” ते म्हणाले.

“माहिती आहे.” मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले, बाही दुमडली आणि हात पलंगाच्या कडेला ठेवला. वॉर्डातली सिस्टर पट्टा बांधत होती. “पहिला माझा नंबर,” मी म्हटलं. मास्कच्या वर काकांचे डोळे हसले. सुई जाताना ते टक लावून बघत होते, अगदी त्या पोरांसारखे. मग त्यांनी डावा हात पुढे केला. कोपराच्या खळीत जुन्या टोचण्यांनी कातडी इतकी निबर झाली होती की सुई घालताना मला जोर लावावा लागला.

“दुखलं का?”

“दुखता थोडा,” ते म्हणाले.

संध्याकाळी मी फोन केला. त्यांनी विचारलं, किती? माझ्या मनात आलं, चार सांगावं. कुणाला कळणार होतं? पण ज्यांनी मला मोजायला शिकवलं त्यांना खोटा आकडा सांगायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, एक पॉइंट नऊ. काका म्हणाले, “आणि स्टेन?”

“स्टेन चांगला होता, काका.”

“मग लिही तसं,” ते म्हणाले.

त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले. छातीत जंतू शिरले आणि गिळायला कुणी नव्हतं. तेव्हा मी तिथे नव्हते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारीच, खोलीच्या दारातल्या काचेतून.

मी ट्रे घेऊन बाहेर पडले होते, दार लागलं होतं. मागे वळून पाहिलं तर काका कोपर दुमडून कापूस दाबत होते आणि काचेतून मला काहीतरी खुणावत होते. मला कळेना. मी भुवया उंचावल्या. त्यांनी मोकळा हात दंडाखाली नेला, काखेत दाबला आणि वर छताकडे बोट दाखवलं, जिथून एसीचा गार वारा येत होता. थंडीत पेशी गप्प बसतात असं ते नेहमी म्हणायचे. मी ट्रेमधल्या दोन्ही ट्यूब उचलल्या, बुचं दाबून पाहिली, पिशवीत घातल्या आणि काखेत धरून त्यांना दाखवल्या. त्यांनी मान डोलावली आणि बोटांनी खूण केली, चालत राहा.

लिफ्ट होती, पण मी जिन्याने उतरले. दोन मजले, मधलं अंगण, मग आमचा कॉरिडॉर. वाटेत कुणीतरी विचारलं, खांदा दुखतोय का? मी थांबले नाही. त्यांची ट्यूब आणि माझी, दोन्ही कोमट होत्या.